प्रवराकाठचे रान आणि रानातली माणसं

प्रवरा नदी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. नेवाशाला हिच्याच काठी ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. पुढे टोक्याजवळ, प्रवरासंगमाला, ती गोदावरीला मिळते. लोक तिला अमृतवाहिनी म्हणतात.

पण ही नदी येते कुठून? तिच्या उगमाशी कोण राहतं? त्यांचं पोट कशावर चालतं? खालच्या गावांतल्या पुष्कळ लोकांना हे ठाऊक नसतं. म्हणून आज आपण नदीच्या उलट दिशेने, वर वर जाऊ या.

नदी जिथे जन्मते

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याचे, अगदी पश्चिमेचे टोक म्हणजे अकोले तालुका. तिथे सह्याद्रीचा कडा उभा आहे. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई तिथेच. त्याची उंची १६४६ मीटर. शेजारी रतनगड आहे. त्या रतनगडाच्या अंगाखांद्यावरून पाणी उतरतं आणि प्रवरा सुरू होते. पायथ्याला रतनवाडी गाव आहे. तिथे अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे.

या डोंगराळ मुलखाला डांगाण म्हणतात. इथे पाऊस किती पडतो? जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडला तरी माणसं देवाचे आभार मानतात. घाटघर आणि रतनवाडीला काही वर्षी तो ५००० मिलिमीटरच्या पुढे जातो. एकच जिल्हा, पण एकीकडे टँकर आणि दुसरीकडे महापूर!

डांगाणात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई, दारात डांगी गाय. डांगी जनावर या मुलखासाठीच घडलेलं आहे. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो. त्यामुळे धो धो पावसातही ते काम करतं. रानातले लाकूड ओढायला असा बैल दुसरा नाही. राजूरला या जनावरांचे प्रदर्शन भरते.

पण भात आणि नागली वर्षभर पुरत नाही. मग उरलेले महिने कोण पोसतं? रान पोसतं. मध, डिंक, करवंदं, रानभाज्या, सरपण, घराच्या कुडाला कारवी, हे सगळं रान देतं. आणि रोख पैसा देणारं मोठं झाड एकच. ते म्हणजे हिरडा.

हिरड्याचा धंदा कसा चालतो

त्रिफळा चूर्ण तुम्ही पाहिलं असेल. हिरडा, बेहडा आणि आवळा अशी ती तीन फळं. हिरडा पोटाच्या औषधाला लागतो, हे घरोघरच्या आजीला ठाऊक आहे. पण औषधाला असा किती हिरडा लागणार? हिरड्याला खरं गिऱ्हाईक मिळालं ते चांभाराचं आणि रंगाऱ्याचं.

कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. ते टिकावं म्हणून कमवावं लागतं. हिरड्याच्या फळात एक तुरट द्रव्य असतं. हिरडा चघळला की तोंड आवळून येतं, ते त्याच द्रव्यामुळे. हे द्रव्य कातड्यात मुरलं की कातडं कुजत नाही. बाभळीच्या सालीतही असंच द्रव्य असतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमवतात.

दुसरा गुण रंगाचा. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकला तर पाणी काळं होतं. जुन्या काळी अशी शाई करत. कापडावर रंग पक्का बसावा म्हणूनही कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवतात. आंध्रातले कलमकारीचे कारागीर आजही असं करतात.

आता हा माल गोळा कसा होतो ते पाहू. उन्हाळ्यात झाडाला कोवळी, बी न धरलेली फळं लागतात. ती गळतात, किंवा काठीने झोडून पाडतात. उन्हात वाळली की ती आकसून काळी पडतात. हा बाळहिरडा. फळ झाडावरच पुरं वाढू दिलं तर हिवाळ्यात मोठा हिरडा मिळतो. बाळहिरड्याला औषधाच्या बाजारात भाव जास्त.

वेचायचं आणि वाळवायचं काम बहुतेक बायका आणि पोरं करतात. पहाटे उठायचं, रान गाठायचं, दिवसभर ओणवं राहून वेचायचं, पाटी डोक्यावर घेऊन उतरायचं. मग अंगणात पसरून वाळवायचं. वळवाचा एक पाऊस आला आणि माल भिजला की बुरशी धरते. बुरशीचा माल व्यापारी निम्म्या भावाने मागतो. म्हणजे चार दिवसांची मेहनत एका सरीत जाते.

मुंबईचा बाजार जवळ आला

इंग्रजांच्या राज्यात हिरड्याला परदेशात मागणी आली. विलायतेत कातड्याचे मोठे कारखाने होते. त्यांना कातडं कमवायला हिरडा हवा होता. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली. डांगाणापासून इगतपुरी आणि घोटी फार दूर नाहीत. घाट फुटला आणि मुंबईचं बंदर जवळ आलं. रानातलं फळ बोटीत बसून साता समुद्रापार जाऊ लागलं.

मग डांगाण श्रीमंत झालं का?

नाही. याची कारणं दोन. पहिलं कारण कर्ज, दुसरं कारण कायदा. दोन्ही नीट समजून घेऊ.

पहिले कारण: कर्ज

पावसाळा लागला की घरातलं धान्य संपायचं. भात तयार व्हायला अजून तीन-चार महिने असायचे. तेव्हा सावकाराकडून खायला धान्य आणायचं. याला खावटी म्हणतात. एक पायली घेतली तर सुगीला दीड पायली द्यायची, कधी दोन. सुगीला दाणे फिटायचे आणि पुढच्या आषाढात पुन्हा कर्ज उभं राहायचं. मग सावकार म्हणायचा, “हिरडा वेचशील तो माझ्याच दारात आण.” भाव त्याचा, माप त्याचं, वहीही त्याची. वेचणाऱ्याच्या हाती पैसा कमीच यायचा. मीठ, मिरची आणि लुगडं घेऊन तो परत जायचा. वहीत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. अंगठा मात्र उठवता येत होता.

या जाचाविरुद्ध माणसं गप्प बसली नाहीत. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० नंतरच्या वर्षांत बंड उभारलं. ते इंग्रजांविरुद्ध होतं आणि लुबाडणाऱ्या सावकारांविरुद्धही होतं. सरकारने त्यांना पकडलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. पुढे १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनीही सावकारांचे दस्तऐवज जाळले. माणसं दुकानं सोडून कागदांवर का तुटून पडली? कारण आपल्याला बांधणारी दोरी त्या कागदात आहे, हे त्यांना कळलं होतं.

दुसरे कारण: कायदा

पूर्वी रान कोणाचं होतं? डांगाणातला माणूस म्हणायचा, “रान देवाचं आणि आमचं.” झाडाच्या फांद्या छाटून, त्या वाफ्यावर जाळून, तिथे भात-नागलीचं रोप करायचं. याला राब म्हणतात. राबाशिवाय इथली शेती होत नसे.

इंग्रज सरकारला रेल्वेसाठी, जहाजांसाठी आणि इमारतींसाठी लाकूड हवं होतं. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा झाला. १८७८ साली दुसरा, जास्त कडक कायदा झाला. १९२७ साली तिसरा झाला. रानावर खुणेचे दगड उभे राहिले. काही रान राखीव ठरलं, काही संरक्षित ठरलं. काल जे आपलं होतं, तिथे आज शिरायला परवानगी लागू लागली. फांदी तोडली तर गुन्हा. गुरं घातली तर कोंडवाडा. रानातल्या मालाचा मक्ता लिलावात ठेकेदाराला जाऊ लागला. रानात जन्मलेला माणूस त्याच रानात ठेकेदाराचा मजूर झाला.

एक गोष्ट खरी. जंगल राखणं जरुरीचं होतं आणि आजही आहे. कुऱ्हाडीला आवर घातला नाही तर डोंगर बोडका होतो, माती वाहते, झरे आटतात. पण राखणीच्या कामात राहणाऱ्याला बरोबर घ्यावं लागतं. त्याला चोर ठरवून रान राखता येत नाही.

नदीला बांध पडला

आता पुन्हा नदीकडे वळू. १९१० साली शेंडी गावाजवळ प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं. हेच भंडारदरा धरण. काम १६ वर्षं चाललं आणि १९२६ साली पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव धरणाला दिलं. उंची सुमारे २७० फूट. सारं दगडी बांधकाम. पाणी ११ टीएमसीच्या थोडं वर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

हे पाणी कुणासाठी अडवलं? खालच्या सपाटीसाठी. कालवे निघाले आणि कोरडवाहू माळावर ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे शेतकरी सोबती यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून काढलेला हा कारखाना साऱ्या देशाला उदाहरण झाला. त्याचा अभिमान आपण बाळगतोच.

पण त्या उसातलं पाणी रतनगडाच्या कुशीतून आलेलं आहे. धरण भरलं तेव्हा वरच्या खोऱ्यातली नदीकाठची खाचरं पाण्याखाली गेली. सपाट, काळी, भाताची जमीन बुडाली. मग माणसं वर उतारावर सरकली. उतारावर पीक कमी येतं. म्हणून रानावरचा भार आणखी वाढला. धरणाचं पाणी काठावर दिसायचं, पण ते खाली जाणारं होतं. वरच्या बाईला उन्हाळ्यात हंडा घेऊन झरा शोधावाच लागायचा.

पुढे नदीचा आणि घाटाचा आणखी एक उपयोग झाला. २००८ साली घाटघरला २५० मेगावॉटचा वीज प्रकल्प सुरू झाला. तिथे वरच्या तलावातलं पाणी कड्याखाली सोडून वीज करतात आणि विजेची गरज कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. मोठ्या हुशारीचं काम! एकूण पाहिलं तर डांगाणाने खाली पाणी दिलं, वीज दिली, हिरडा दिला. मग डांगाणाला काय मिळालं, हा प्रश्न तिथल्या माणसाने विचारला तर त्यात गैर काही नाही.

स्वराज्यानंतर काय बदललं

स्वराज्य आलं. बाळासाहेब खेर तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. आदिवासींच्या प्रश्नाची त्यांना कळकळ होती. १९४७ पासून त्या राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. ठेकेदाराला बाजूला सारायचं, कूप संस्थेने घ्यायचं, मजुरी आणि नफा सभासदांनी वाटून घ्यायचा, असा तो विचार होता. जिथे सभासद जागे होते तिथे संस्था चालल्या. जिथे सभासद फक्त अंगठ्याचे धनी होते तिथे जुना ठेकेदारच मागच्या दाराने आत आला.

१९७२ साली राज्यात आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालं. त्याची मुख्य कचेरी नाशिकला आहे. १९७६ साली कायदा झाला. त्यातून एकाधिकार खरेदी आली. म्हणजे ठरवून दिलेल्या भागात शेतमाल आणि रानातला माल महामंडळानेच ठरल्या भावाने घ्यायचा. व्यापाऱ्याच्या मनमानीला लगाम बसावा हा त्यामागचा हेतू.

पण बाजारही बदलत होता. १८८४ साली अमेरिकेत क्रोम नावाच्या धातूच्या क्षाराने कातडं कमवण्याची युक्ती निघाली. जे काम झाडाच्या सालीने आणि हिरड्याने करायला कित्येक आठवडे लागत, ते थोड्या दिवसांत होऊ लागलं. ही रीत जगभर पसरली आणि कातड्यासाठी हिरड्याची मागणी घटत गेली. औषधाची मागणी मात्र टिकून आहे. म्हणून आज बाळहिरडा मोलाचा झाला आहे.

१९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. रानाला संरक्षण मिळालं, पण गावांवर पुन्हा बंधनं आली.

मग २००६ साली मोठा बदल झाला. संसदेने वनहक्क कायदा केला. १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांवर अन्याय झाला, हे त्या कायद्यातच लिहिलं आहे. या कायद्याने मुख्य गोष्टी तीन दिल्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी रानातली जमीन कसतो, तो तिच्यावर हक्क मागू शकतो. हिरडा, मध, बांबू यांसारख्या गौण वनोपजावर वेचणाऱ्यांची मालकी असते. आणि गावाला आपलं सामूहिक रान राखण्याचा, वापरण्याचा हक्क मागता येतो. हा कायदा अभयारण्यातही लागू आहे.

दावा करायचा कसा? सुरुवात ग्रामसभेत होते. ग्रामसभा १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात निदान एक तृतीयांश बायका हव्यात. समिती जागा पाहते, पुरावे घेते. जुनी पावती, दंडाची नोंद, म्हाताऱ्या माणसाचा जबाब, हे सगळे पुरावे चालतात. मग दावा उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. नामंजूर झाला तर दाद मागता येते. पण लेखी, आणि ६० दिवसांच्या आत.

पाहा, ज्या दंडाच्या पावतीने आजोबाला गुन्हेगार ठरवलं, तीच पावती आज नातवाचा पुरावा झाली. म्हणून जुना कागद चुलीत घालू नका.

काट्यावर उभं राहताना

आता रोजच्या कामाचं बोलू. समजा, एका बाईने ४० किलो वाळलेला बाळहिरडा विकायला आणला. भाव किलोला १०० रुपये धरू. हा भाव फक्त हिशेब शिकण्यासाठी घेतला आहे. ४० गुणिले १०० म्हणजे ४००० रुपये व्हायला हवेत.

दुकानदार म्हणाला, “माल ओला आहे, पोत्याचं वजन आहे, ४ किलो कडता.” राहिले ३६ किलो. काटा २ किलो कमी दाखवत होता. राहिले ३४. हातात आले ३४०० रुपये. ६०० रुपये गेले कुठे? कुणी खिसा कापला नाही, दरोडा पडला नाही. मापात गेले.

मग काय करायचं?

घरून निघताना शेजारच्या खऱ्या काट्यावर माल तोलून घ्या आणि आकडा कागदावर लिहा. काट्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे का ते पाहा. माल चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहा. कडता कशाचा, किती, ते विचारा. पावती मागा. पावतीवर वजन, भाव आणि एकूण रक्कम हे तीन आकडे वाचा. वजन आणि भाव यांचा गुणाकार करून पाहा. मगच सही करा.

आणखी एक. एकट्या बाईला दुकानदार टाळतो. दहा बायकांनी माल एकत्र केला तर तोच दुकानदार भाव विचारायला दारी येतो. बचत गटाने एकत्र माल विकला तर गाडीभाडंही वाटून जातं.

झाड उभं असेल तर

शेवटी झाडाविषयी. पैशाची अडचण आली की कोळशासाठी किंवा सरपणासाठी बांधावरचं हिरड्याचं झाड विकावंसं वाटतं. त्याआधी थोडा विचार करावा. तोडलेलं झाड एकदाच पैसे देतं. उभं झाड दरवर्षी देतं, तुम्हाला आणि तुमच्या नातवालाही. हिरडा सावकाश वाढतो. आज लावलेलं रोप फळाला यायला बरीच वर्षं लागतात. म्हणून जुनं झाड तोडणं म्हणजे दुभती गाय कसायाला देणं.

फांद्या मोडून फळ काढू नका. सगळीच फळं कोवळी झोडू नका. थोडी झाडावर पिकू द्या. त्यांच्याच बियांतून उद्याचं रान उभं राहील. त्या रानाची मुळं माती धरतात, पाऊस जिरवतात. म्हणून तर उन्हाळ्यातही झरे वाहतात. डांगाणातलं झाड तुटलं की त्याची माती धरणात येऊन बसते आणि धरणात पाणी कमी मावतं. म्हणजे नेवाशाच्या शेतकऱ्याचा आणि रतनवाडीच्या हिरडा वेचणाऱ्या बाईचा संबंध आहे. त्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसेल, पण नदी दोघांची एकच आहे.

राघोजींच्या काळी वही सावकाराच्या हातात होती. आज तुम्ही हे पान स्वतः वाचत आहात. पुढच्या वेळी काट्यावर जाल तेव्हा पावतीही स्वतःच वाचा. आणि ग्रामसभेची दवंडी ऐकली की घरी बसू नका. कारण रानाचा निकाल तिथेच लागतो.